सिंगापूरहून क्रूझ घेताय? बॅगांच्या हिशोबाने दिवस आखा

सिंगापूरहून सुटणारी क्रूझ आम्ही दोनदा केली. पहिल्या वेळी मी, हे, लेक आणि सासूबाई असे चौघं होतो. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखणारे, आणि आमच्याकडे लहानमोठ्या मिळून सहा बॅगा. हॉटेलमधून निघताना टॅक्सीवाल्याला मी सांगितलं, "सिंगापूर क्रूझ सेंटर." त्याने अगदी बरोबर सिंगापूर क्रूझ सेंटरलाच नेऊन सोडलं. आमची बोट मात्र तिथे नव्हती. सहाही बॅगा उतरवून झाल्या होत्या, सासूबाई एका कठड्याला टेकून उभ्या होत्या, आणि मी फोनवर तिकीट उघडून पहिल्यांदाच नीट वाचत होते.

तेव्हा पहिलं काम हे करा. सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनल्स आहेत. 'सिंगापूर क्रूझ सेंटर' आहे हार्बरफ्रंटला, विवोसिटी मॉलला लागून, सेंटोसा बेटाच्या समोर. इंडोनेशियातल्या बाटाम बेटाला जाणाऱ्या फेरीबोटीही तिथूनच सुटतात. दुसरं 'मरीना बे क्रूझ सेंटर'. ते २०१२ मध्ये सुरू झालं आणि मरीना साउथच्या टोकाला आहे. मोठ्या बोटी बहुतेक तिथे लागतात. त्याच्या शेजारीच 'मरीना साउथ पिअर' नावाचा तिसराच धक्का आहे, तो जवळच्या बेटांवर जाणाऱ्या छोट्या बोटींचा. टर्मिनलचं पूर्ण नाव तिकिटावर बघा, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि ड्रायव्हरला तोंडी न सांगता तोच दाखवा. आणखी एक घोळ नावामुळे होतो. मरीना बे म्हटलं की ते तीन मनोऱ्यांचं प्रसिद्ध हॉटेल डोळ्यांपुढे येतं आणि बोट त्याच्यासमोरच लागत असेल असं वाटतं. तसं नाही. हॉटेलसमोरच्या पाण्याला २००८ मध्ये मरीना बॅरेज हा बंधारा घातला गेला. ते आता गोड्या पाण्याचं तळं आहे. जहाज लागतं बंधाऱ्याच्या बाहेर, खऱ्या समुद्रात.

आता रात्री किती काढायच्या ते बघू. माझं मत पक्कं आहे: बोटीच्या आधी दोन रात्री. क्रूझच्याच दिवशी सकाळी विमानाने उतरायचा बेत कुणी सांगितला तर मी हात जोडून नको म्हणते. आपल्याकडून निघणारी बरीच विमानं रात्रीची असतात, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं, आणि विमान चार तास लेट झालं तर विमान कंपनी फार तर माफी मागेल, बोट थांबणार नाही. चेक-इनसुद्धा बोट सुटायच्या बरंच आधी बंद होतं.

एकच रात्र आधी ठेवली तर बोट चुकत नाही, पण शहरही हाती लागत नाही. याचं कारण बॅगा. उतरण्याचा दिवस बॅगांचा, बोटीवर चढण्याचा दिवस बॅगांचा, बोटीवरून परत येण्याचा दिवसही बॅगांचाच. म्हणून माझा नियम असा आहे की ज्या दिवशी बॅगा आपल्या हातात, त्या दिवशी तिकीट काढून काही बघायचं नाही. दोन रात्री ठेवल्या की मधला एक दिवस संपूर्ण मोकळा मिळतो, आणि सगळं जे काही करायचं ते त्या दिवशी.

हॉटेल निवडतानाही प्रेक्षणीय स्थळांचा नकाशा बाजूला ठेवा, मेट्रोचा घ्या. तिथे मेट्रोला एमआरटी म्हणतात. मी दोन्ही वेळा लिटल इंडियात राहिले आणि पुन्हाही तिथेच राहीन. लिटल इंडिया स्टेशनवर जांभळी आणि निळी अशा दोन लाइन मिळतात. जांभळी लाइन न बदलता थेट हार्बरफ्रंटला जाते. मरीना बे क्रूझ सेंटरला जायचं असेल तर पुढच्याच धोबी घाट स्टेशनला उतरून लाल लाइन पकडायची आणि शेवटच्या मरीना साउथ पिअरला उतरायचं. (स्टेशनचं नाव खरंच धोबी घाट आहे. तिथे एकेकाळी धोबी कपडे धूत.) म्हणजे तुमची बोट कुठूनही सुटो, हे ठिकाण सोयीचंच. शाकाहारी जेवण चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं, सकाळी सहाला फिल्टर कॉफीचा वास येतो, आणि सासूबाईंना परदेशात आल्याचं दडपण वाटत नाही. स्टेशनांवर लिफ्ट आहेत. तरीही बोटीच्या दिवशी सहा बॅगा घेऊन मेट्रो नकोच, मोठी सहा सीटची गाडी अॅपवरून बोलवा. मेट्रो मधल्या दिवसासाठी. तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की दार उघडतं. मात्र एका कार्डावर एकच माणूस, म्हणून प्रत्येकाच्या हातात वेगळं कार्ड हवं. आंतरराष्ट्रीय वापर चालू केलाय का, ते घरूनच तपासा.

स्वस्तातल्या हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्याही विकतात. फोटोत पडदा दिसतो आणि पडद्यामागे भिंत निघते. बुकिंग करताना 'विंडो' हा शब्द शोधा.

कागदपत्रांत दोन ठिकाणी लोक अडतात. पहिलं म्हणजे व्हिसा. बोट मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येते, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा प्रवेश करता. व्हिसावर एकच प्रवेश लिहिला असेल तर आधीच एजंटशी बोला. दुसरं म्हणजे अरायव्हल कार्ड, देशात शिरण्याआधी भरायचा फॉर्म. ते ऑनलाइन भरायचं, सरकारी साइटवर ते फुकट आहे; पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. पोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आतच ते भरता येतं आणि परतताना पुन्हा नव्याने भरावं लागतं. इथे हिशोब लक्षात घ्या. तीन रात्रींची क्रूझ असेल तर परतीचं कार्ड बोटीवर चढण्याआधी भरताच येत नाही, कारण मुदत तेव्हा उघडलेलीच नसते. ते मधल्या बंदरात नेटवर्क असताना नाहीतर बोटीच्या वायफायवर भरायचं. काही बोटींवर पासपोर्ट जमा करून घेतात, तेव्हा सगळ्यांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. मी दुसऱ्या वेळी मलेशियातल्या पेनांगला धक्क्यावर उभी राहून चौघांची कार्डं भरली, दहा मिनिटांत झालं.

सामानात काय नको तेही सांगते. सिंगापुरात ई-सिगारेट आणि च्युइंगगम नेता येत नाही. साध्या सिगारेटवरही ड्युटी भरावी लागते, एका पाकिटाचीसुद्धा सूट नाही. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध चालू असेल तर त्याला आधी परवानगी लागू शकते, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन नियम बघा. बोटीवर इस्त्री चालत नाही, काढून घेतात. घरून शिजवून नेलेलं अन्नही चढू देत नाहीत. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे, त्याचा अॅडॉप्टर इथूनच घ्या.

पहिला दिवस. सकाळी चांगी विमानतळावर उतरलात तर खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळणार नाही. बॅगा हॉटेलच्या लॉबीत ठेवून द्या, जेवा, जवळपास चाला, खोली मिळाली की झोपा. आमच्या लेकीला त्याच दिवशी सेंटोसाला जायचं होतं, मी नेलं नाही, आणि रात्री आठला ती स्वतःहून झोपली.

मधल्या दिवशी सकाळी लवकर निघून तेलोक आयरला जा. लिटल इंडियाहून निळ्या लाइनने थेट जाता येतं. या रस्त्याला लोक सहसा जात नाहीत, पण बोटीने निघणाऱ्या माणसाने तो बघावाच. मलय भाषेत तेलोक म्हणजे उपसागर आणि आयर म्हणजे पाणी. एकोणिसाव्या शतकात भराव घालेपर्यंत हा रस्ता म्हणजे चक्क समुद्रकिनारा होता. दूरदेशीची गलबतं इथे लागत आणि माणसं उतरल्याबरोबर आधी देवाला हात जोडत. चिनी खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी १८३९ ते १८४२ मध्ये थियान हॉक केंग हे माझू या समुद्रदेवीचं देऊळ बांधलं. त्याच रस्त्यावर काही पावलांवर दक्षिण भारतातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी १८२८ ते १८३० मध्ये तमिळनाडूतल्या नागोरचे सूफी संत शाहुल हमीद यांच्या स्मरणार्थ बांधलेला नागोर दर्गा आहे. आज तिथून समुद्र दिसतही नाही, चहूबाजूंनी उंच ऑफिसं. देवळाच्या अंगणात पितळी पात्रात उदबत्त्या जळत होत्या. सासूबाई उंबऱ्याशी बसल्या, मी त्यांना ही सगळी हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, "अगं, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेसारखंच की. दर्याला सांगून मग निघायचं." आणि त्यांनी देवीला हात जोडले, उद्या बोट आहे म्हणून. मला त्या प्रवासातलं बाकी बरंच विसरायला झालंय, हे नाही.

तिथून थोडं चाललं की साउथ ब्रिज रोडवर १८२७ पासूनचं श्री मरिअम्मन मंदिर आहे, सिंगापुरातलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ. अकरापर्यंत हे सगळं उरका. दुपारी ऊन आणि दमटपणा अंगावर येतो, पाऊसही सांगून येत नाही. हॉटेलवर परत येऊन पाय वर करून पडा.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास टॅक्सीने मरीना बॅरेजला जा. बंधाऱ्याच्या इमारतीच्या छतावर हिरवळ आहे, गोल फिरत जाणाऱ्या उतारावरून चढता येतं, पायऱ्यांची सक्ती नाही. तिथे मुलं पतंग उडवत असतात. एका बाजूला गोडं पाणी आणि शहर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि नांगर टाकून उभी असलेली असंख्य मालवाहू जहाजं. क्रूझ टर्मिनलही तिथून दिसतं. वर्षभर सूर्य साधारण सातच्या सुमारास मावळतो. मग गार्डन्स बाय द बेमध्ये सुपरट्रीजखाली जाऊन बसा. पंचवीस ते पन्नास मीटर उंच अशी ही लोखंडी झाडं, पावणेआठला आणि पावणेनऊला त्यांच्यावर दिव्यांचा आणि संगीताचा खेळ होतो, आणि तो फुकट असतो. काचेच्या दोन घुमटांना तिकीट आहे. वेळ आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तर त्यातला क्लाउड फॉरेस्ट घ्या, नाहीतर सोडा. पावणेआठचाच खेळ बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा भरायच्यात.

बोटीचा दिवस. ऑनलाइन चेक-इन आधीच झालेलं असावं, बॅगांची लेबलं छापून अडकवलेली असावीत. मोठ्या बॅगा टर्मिनलच्या दाराशी कामगारांच्या ताब्यात जातात आणि केबिनपाशी पोचेपर्यंत कधीकधी संध्याकाळ होते. म्हणून पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत. मोठ्या बॅगेत पासपोर्ट राहिला तर ती बॅग पुन्हा हुडकायला फार जीव खातो, आमच्या पुढच्या कुटुंबाचं तसंच झालं होतं. व्हीलचेअर हवी असेल तर क्रूझ कंपनीला काही दिवस आधी ईमेल करा, दारात मागून लगेच मिळेल असं धरू नका. बोट सुटली की मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं गेलं तर रोमिंगचं बिल भयंकर येतं. थायलंडचं घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. तिथे उतरलात तर मोबाइलच्या वेळेवर न जाता बोटीच्या वेळेवर परत या.

परतीचा दिवस सकाळी लवकरच सुरू होतो. आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे बाहेर काढून ठेवा. विमान दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका, संध्याकाळचं उत्तम. टर्मिनलबाहेर टॅक्सीची रांग मोठी असते, त्यात म्हाताऱ्या माणसांना उभं करू नका, बसवून ठेवा आणि एकाने रांग धरावी. तिथून सरळ चांगी विमानतळ गाठायचा. सामान ठेवायची सोय तिथे पैसे देऊन मिळते. मग टर्मिनल एकला लागून असलेल्या ज्वेल या मॉलमध्ये जायचं. तिथला चाळीस मीटर उंचीचा धबधबा बघायला बोर्डिंग पास लागत नाही. बसायला थंड जागा, जेवण, सगळं एका छपराखाली, आणि बॅगा हातात नाहीत.

खरेदीही बोटीनंतरच करा. सिंगापुरात जीएसटी ९ टक्के आहे आणि पर्यटकाला किमान १०० सिंगापूर डॉलरच्या खरेदीवर तो परत मागता येतो, पण सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या क्रूझवर चढताना तो मिळत नाही, विमानाने देश सोडताना मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवायला विसरू नका. चांगीला कियॉस्कवर, म्हणजे तिथल्या यंत्रावर, परतावा नोंदवताना वस्तू दाखवा म्हणू शकतात, म्हणून खरेदीची बॅग विमान कंपनीच्या ताब्यात देण्याआधी आधी त्या कियॉस्कवर जा.