विग चिकटवता येतो, मान नाही: फँटसी कादंबरीच्या पात्रांसाठी नट निवडताना

फँटसी कादंबरी पडद्यावर येणार असं ठरलं की वाचकांच्या डोक्यात चेहरे आधीच बसलेले असतात. नट निवडणाऱ्याच्या डोक्यातही एक चेहरा असतो, आणि बरेचदा तो पुस्तकातून नाही, मुखपृष्ठावरून आलेला असतो. म्हणून मुखपृष्ठ आणि चाहत्यांनी काढलेली चित्रं बाजूला ठेवायची आणि हातात पेन्सिल घेऊन कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा वाचायची.

वर्णनांची वही

प्रत्येक पात्राला वहीत एक पान द्या आणि त्यावर चार रकाने आखा: पान क्रमांक, वर्णनाचे मूळ शब्द, ते वर्णन कोण करतंय, आणि पुढे कथेत ते कुठे कामाला येतं. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. राजपुत्राला ‘कुरूप’ निवेदक म्हणतोय की त्याच्यावर जळणारा सावत्र भाऊ, यावर सगळी निवड बदलते. प्रेमात पडलेल्या माणसाने ‘उंच’ म्हटलेली बाई टेपने मोजायची नसते.

रकाने भरले की प्रत्येक वर्णनापुढे एक अक्षर लिहा. ‘क’ म्हणजे कथेचा सांधा, जो काढला तर पुढचा प्रसंग कोसळतो. ‘ओ’ म्हणजे ओळख, ज्यावरून वाचक लांबूनही पात्र ओळखतो. ‘स’ म्हणजे सजावट. पन्नास वर्णनांत ‘क’ चार-पाचच निघतात. वीस निघाले तर पुन्हा वाचा, हात सैल सुटलाय.

‘क’ नेमका कशाला म्हणायचं, याचं उत्तम उदाहरण ‘हॅरी पॉटर’मध्ये आहे. पुस्तकात हॅरीचे डोळे हिरवे आहेत. २००१च्या पहिल्या चित्रपटासाठी डॅनियल रॅडक्लिफला हिरव्या लेन्स घालून पाहिल्या, त्या सोसल्या नाहीत, डोळे निळेच राहिले. चित्रपटाचं त्यामुळे काही अडलं नाही, कारण कथेचा सांधा हिरवा रंग नव्हता. ‘तुझे डोळे आईसारखे आहेत’ हे वाक्य सांधा होतं. २०११च्या शेवटच्या भागात लहानपणची आई दाखवली तेव्हा तिचे डोळे तपकिरी दिसले आणि वाचकांनी नेमकं तेच पकडलं. म्हणजे वहीत ‘हिरवे डोळे’ असं लिहिणं चूक. ‘मायलेकांचे डोळे सारखे’ असं लिहायला हवं.

काय चढवता येतं आणि काय नाही

रंगभूषा चढवता येते, उतरवता येत नाही. छोट्या नाकावर सिलिकोनचं मोठं नाक बसतं, पण मोठ्या नाकाचं छोटं होत नाही. टोकदार कान, जखमेचा व्रण, खोटे दात, दाढी, केसांचा रंग, थोडी जाडी हे सगळं बाहेरून येतं. दोन डोळ्यांमधलं अंतर, कपाळाची रुंदी, मानेची लांबी, खांदे आणि कंबर यांचं प्रमाण, चालण्याची ढब आणि आवाज मात्र नटाने घरून आणायचे असतात. निवड या दुसऱ्या यादीवर करायची. सोनेरी केसांची अट घालून शंभर चांगले नट दाराबाहेर ठेवणं म्हणजे विगवाल्याचं काम ऑडिशनमध्ये उरकण्यासारखं आहे.

लेन्सबद्दल थोडं सविस्तर. डोळ्यांचा रंग दिसतो तो क्लोज-अपमध्ये. पूर्ण माणूस चौकटीत असेल तेव्हा जांभळा काय नि करडा काय, फरक कळत नाही. पिवळट दिव्याखाली निळा-हिरवा रंग आणखी मंदावतो. रंगीत लेन्सने बुबुळ सपाट दिसतं, नजर थोडी मेल्यासारखी होते. पांढऱ्या भागासकट अख्खा डोळा झाकणारी मोठी लेन्स असेल तर कडेचं दिसणंही कमी होतं, आणि तशा डोळ्यांनी तलवारबाजी करणं धोक्याचं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये पुस्तकातले जांभळे डोळे सोडून दिले गेले ते उगाच नाही. लेन्स वापरायचीच असेल तर नेत्रतपासनीसाकडून माप घेऊन बनवून घ्या आणि किती तास घालायची तेही त्यालाच ठरवू द्या.

त्वचेच्या रंगाचा नियम सोपा आहे. रंगाने माणूस गडद करून दुसऱ्या वंशाचा दाखवायचा नाही. तसाच नट शोधायचा. पुस्तक गप्प असेल तिथे कोणालाही घेता येतं, पण एकाच गावातली, एकाच कुळातली माणसं एकमेकांशी जुळली पाहिजेत, नाहीतर प्रेक्षक नातं शोधत बसतो. बुटक्या जमातीची पात्रं असतील तर जन्मतः कमी उंचीच्या कलाकारांना ऑडिशनला बोलवा, आणि केवळ विनोदी भूमिकांसाठी नाही.

जाहिरात आणि टेप

भूमिकेच्या टिपणात ‘अमुक नटासारखा दिसणारा’ असं कधीही लिहू नका. त्याची नक्कल करणारेच येतात. वय नेमकं न देता पडद्यावर किती वर्षांचा वाटायला हवा ते द्या, उदाहरणार्थ १७ ते २१. शिवाय काय सोसावं लागेल ते तिथेच सांगा: रोज तीन-चार तास रंगभूषा, दाढी काढावी लागेल, घोडा, पाणी, हार्नेस म्हणजे दोरीला लटकवणारा पट्टा.

नटांकडून घरून मागवलेल्या टेपमुळे, म्हणजे त्यांनी स्वतः चित्रित केलेल्या व्हिडिओमुळे, चेहऱ्याबद्दल सर्वाधिक गैरसमज होतात. हातभर अंतरावर धरलेल्या मोबाईलच्या रुंद लेन्समुळे नाक फुगतं, कान मागे पळतात, हनुवटी निमुळती होते. म्हणून सूचनेत स्पष्ट लिहा: मोबाईल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, किमान दीड-दोन मीटर लांब, चेहरा मोठा हवा असेल तर दुप्पट झूम. उजेड खिडकीचा, समोरून. फिल्टर नको, विग किंवा वेशभूषा नको. सुरुवातीला समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पायांपर्यंत पूर्ण उभं राहून प्रत्येकी पाच सेकंद, मग चार पावलं चालून परत. त्यानंतर दोन पानांचा प्रवेश. उंची अनवाणी, सेंटीमीटरमध्ये.

वेशभूषा करून आलेली टेप मोहात पाडते. अशी टेप दिसली तर आधी आवाज बंद करून पाहा, मग चित्र झाकून नुसतं ऐका. दोन्हींत पात्र उभं राहत नसेल तर तुम्हाला आवडला आहे तो झगा.

उंचीचं गणित

एकट्या नटाची उंची फारशी महत्त्वाची नसते, शेजारच्याच्या तुलनेत ती किती ते पाहायचं. म्हणून भिंतीवर कागद लावा, प्रत्येक पात्राची हवी ती उंची एका रंगाने आणि नटाची खरी उंची दुसऱ्या रंगाने आखा, आणि दोन्हींचं गुणोत्तर खाली लिहा. १८४ सेंटीमीटरचा नट १३८चा दाखवायचा असेल तर गुणोत्तर ०.७५. १६८चा नट त्याच गुणोत्तराने १२६चा दिसेल. दोघांचं गुणोत्तर एकच आलं की दोघांना एकाच चौकटीत, एकाच मापाच्या सेटवर घेता येतं. २००१च्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये गिम्ली हा ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जमातीतलं पात्र, करणारा जॉन ऱ्हिस-डेव्हिस प्रत्यक्षात सहा फुटांहून उंच होता. वरवर पाहता उलटी निवड, पण हॉबिट या दुसऱ्या बुटक्या जमातीची पात्रं करणारे नट त्याच्यापेक्षा बरेच बुटके होते, त्यामुळे सगळ्यांना एकाच प्रमाणात लहान करता आलं.

लहान दाखवायचा नट कॅमेऱ्यापासून जास्त लांब उभा करायचा, ही त्याची एक युक्ती. ०.७५ म्हणजे अंतरातही तीनास चार: मोठा दिसणारा नट कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर असेल तर लहान दिसणारा ४ मीटरवर, आणि त्याच्या पुढ्यातलं टेबल, पेला, खुर्ची १.३३ पट मोठी. दोघंही स्पष्ट दिसायला हवेत म्हणून कॅमेऱ्याच्या लेन्सचं छिद्र एफ-८, एफ-११ या मापापर्यंत लहान करावं लागतं आणि प्रकाश भरपूर लागतो. निवडीच्या दृष्टीने खरी गोम पुढे आहे. या मांडणीत नट एकमेकांच्या डोळ्यांत पाहत नाहीत; प्रत्येक जण स्टँडवर चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे बघून बोलतो. तेव्हा ऑडिशनमध्येच एक प्रवेश असा घ्या: समोरचा माणूस पडद्याआड, नजर टेपच्या तुकड्यावर. काही उत्तम नट इथे पार कोरडे पडतात. ते आधी कळलेलं बरं.

कुटुंब आणि मुलं

भावंडं, मायलेकी किंवा एकाच पात्राची दोन वयं जुळवताना सगळं जुळवायला जाऊ नका. भुवयांची ठेवण, कानाची पाळी, हसताना दिसणारे दात, जबड्याची रेघ, यांतल्या तीन गोष्टी जुळल्या की प्रेक्षक नातं मान्य करतो. फोटो कृष्णधवल करा, डोळ्यांची पट्टी कापून एकाखाली एक ठेवा. केसांचा आणि त्वचेचा रंग बाजूला पडला की साम्य चटकन दिसतं. ज्या पात्राला नट मिळणं सगळ्यात अवघड, त्याची निवड आधी, बाकीचे त्याच्याभोवती.

मुलांच्या बाबतीत घड्याळ चालू असतं. वयात येताना वर्षात ८-९ सेंटीमीटर उंची वाढू शकते, मुलग्यांचा आवाज मध्येच फुटतो. दोन भागांत दोन वर्षांचं अंतर पडणार असेल तर आई-वडिलांची उंची विचारा, मोठ्या भावंडांचे फोटो पाहा आणि पुस्तकातल्या वयापेक्षा मूल लहान दिसेल असंच घ्या. मुलांच्या कामाच्या तासांना मर्यादा असते, म्हणून रोज तीन तास रंगभूषा लागणारं पात्र मुलाला देणं व्यवहारात बसत नाही.

रबराखालचा माणूस

राक्षस, पिशाच्च, ड्वार्फ अशा भूमिकांत चेहरा झाकला जातो आणि उरतात डोळे, आवाज नि मान. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? डोळे मोकळे सोडून कपाळावर आणि गालांवर जाड कापड बांधून प्रवेश करायला लावा, मग कळतं. करार करण्याआधी तीन गोष्टी विचारा: बंद जागेची भीती, त्वचेचे विकार, रबराची ॲलर्जी. चेहऱ्याचा साचा घेताना नाकपुड्या सोडून सगळा चेहरा काही मिनिटं झाकलेला असतो. घाबरणारा माणूस तिथेच उठून बसतो. चिकटवायचा गोंद आणि तो काढायचं द्रावण दंडाच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबा. एवढं करूनही त्रास होतो. वर सांगितलेल्या गिम्लीच्या डोळ्यांभोवतीची कातडी रंगभूषेने सुजायची आणि त्याला मध्ये सुट्या द्याव्या लागायच्या. तसे दिवस वेळापत्रकात धरूनच ठेवा, आणि त्याच मापाचा बदली कलाकार हाताशी असू द्या.

शेवटची चाळणी

प्रत्येक भूमिकेला दोन-तीन नावं उरली की सगळ्यांचे पूर्णाकृती फोटो काळ्या सावल्या करून ओळीने लावा. सावलीवरून कोण कोण ते कळलं पाहिजे. दोन सावल्या सारख्या वाटल्या तर युद्धाच्या प्रसंगात प्रेक्षक गोंधळणार. मग कादंबरी वाचलेल्या पाच-सहा जणांना साधे फोटो दाखवा आणि फक्त ‘हा कोण?’ एवढंच विचारा. ‘हा सेनापती वाटतो का?’ असं विचारलंत तर लोक हो म्हणतात.

लुक टेस्ट, म्हणजे पूर्ण रंगभूषा-वेशभूषेतली चाचणी, खऱ्या दिव्यांत आणि खऱ्या कॅमेऱ्यावर घ्या, समोरून, तिरपं, मागून, आणि चालताना. विगची जाळी बहुतेक वेळा कानामागे उघडी पडते. यातला कच्चा फोटो बाहेर जाऊ देऊ नका. सपाट पांढऱ्या उजेडात कितीही महाग विग गॅदरिंगचा वाटतो. जाहीर करायचा पहिला फोटो पूर्ण वेशभूषेतला, त्या प्रसंगाच्याच प्रकाशातला, आणि शक्यतो शेजारी दुसरं पात्र उभं असलेला.