रीफ टँकमध्ये जीव दगावला तर आपली चूक कशी शोधावी, कशी निस्तरावी

रीफ टँकमधला, म्हणजे जिवंत प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला, मासा मेला किंवा प्रवाळ विरघळू लागलं की आधी दुकानदाराचं नाव निघतं, मग मिठाच्या कंपनीचं, मग इंदूरच्या उन्हाळ्याचं. कधीकधी त्यात तथ्यही असतं. पण समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे. त्या टाकीतलं सगळं पाणी आपणच कालवलेलं आणि प्रत्येक जीव आपणच आणलेला. म्हणून चौकशी स्वतःपासून सुरू करावी. खरं कारण हाती लागलं नाही, तर पुढचा जीवही तसाच जातो.

आधी जिवंत आहेत त्यांना वाचवा. मेलेला मासा लगेच बाहेर काढा, मग त्यासाठी खडक हलवावे लागले तरी चालेल. अमोनिया (माशांच्या विष्ठेतून आणि सडक्या खाद्यातून होणारं विष) तपासा. थोडाही दिसला तर टाकीइतक्याच तापमानाचं आणि क्षारतेचं (मिठाच्या प्रमाणाचं) पाणी तयार करून पाव हिस्सा पाणी बदला, एअर पंप चालू ठेवा. घाबरून औषध ओतू नका. तांबं असलेल्या औषधाने माशांवरचे परजीवी मरतात, पण प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायीही मरतात.

मग वही घ्या. तापमान, क्षारता, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्लपणा रोखण्याची ताकद) तारखेसह लिहा. त्याखाली गेल्या पंधरा दिवसांत टाकीशी काय काय केलं ते लिहा. ‘पाणी बिघडलं’ असं मोघम लिहू नका. ‘मी आठवडाभर पाणी भरलं नाही’, ‘मी दोन मासे एकदम सोडले’ असं लिहा. हे लिहिताना जड जातं, पण दुरुस्ती नेमकी तिथूनच सापडते.

नेहमीच्या जागा नीट तपासा. पहिली जागा बाष्पीभवनाची. मे महिन्यात कूलर-पंख्याच्या वाऱ्याने पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. २०० लिटर पाण्यात क्षारता हजारी ३५ असेल आणि १० लिटर उडालं, तर ती जवळपास ३७ होते. ही तूट खाऱ्या पाण्याने भरली तर मीठ आणखी चढतं. रोज गोडं आरओ पाणीच घालायचं. क्षारता आधीच चढली असेल तर एका झटक्यात खाली आणू नका, दोन-तीन दिवसांत हळूहळू उतरवा.

दुसरी जागा स्वयंपाकघरातली. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी घरच्या आरओतून काढलं की ते शुद्ध झालं, असं आपण धरून चालतो. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं साधन) पाण्यात बुडवून पाहा. रीफसाठी आकडा शून्याच्या जवळ हवा.

मोजमापाचं साधनही तपासा. क्षारता मोजणाऱ्या, काटा फिरणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडे चिकटले की तो आकडा चढा दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून क्षारता मोजणारं साधन) घेऊन तो ३५च्या प्रमाणित द्रावणावर अधूनमधून जुळवून पाहिलेला बरा.

तिसरी जागा घाईची. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी क्लाऊनफिश सोडला आणि तो गेला, तर दुकानदाराशी भांडून काय उपयोग?

आणि शेजारच्या काकू. लग्नाला गावी जाताना खाद्याचा अख्खा डबा त्यांच्या हाती दिला, त्यांनी मायेने मूठभर टाकलं, आणि परत आलो तर पाणी दुधाळ. ही चूक काकूंची धरू नये. पुढच्या वेळी एका दिवसाचं खाद्य एका पुडीत, अशा तारीख घातलेल्या पुड्या द्याव्यात आणि डबा कुलपात ठेवावा. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) पाहून आलेला गुलालाचा हातही टाकीत जाता कामा नये, हे घरातल्या मुलांना आपणच सांगायला हवं.

चूक सापडली की ती सांगा. दुकानात आवाज चढवला असेल तर परत जाऊन सरळ म्हणा, “भिया, मछली ठीक थी, पानी मेरा बिगड़ा था.” दुसऱ्या दिवशी तोच माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाला नीट सल्ला देईल. घरच्यांनाही सांगा, विशेषतः फिल्टरचं बटण बंद केल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला असेल तर.

कायद्याचा भागही आपलाच. सांगाडा असलेली कठीण प्रवाळं आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘दुकानात मिळत होतं’ म्हणून हात झटकता येत नाहीत. कायद्याने चालतं का हे विचारल्याशिवाय घेऊ नका. खात्री पटली नाही तर घेऊच नका.

टाकी मोडायची वेळ आली तर खडक उकळू नका. त्यावर झोअँथिड (बटणासारखे दिसणारे प्रवाळांचे भाऊबंद) असतील तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे विष पसरू शकतं, आणि ते माणसालाही घातक आहे. उरलेले जीव इंदूरच्या सिरपूर किंवा पिपल्यापाला तलावात सोडू नका. गोड्या पाण्यात समुद्री मासा जगत नाही. दुसऱ्या रीफवाल्याला द्या.

नवीन खरेदी थांबवा. वहीतले आकडे सलग काही आठवडे स्थिर दिसेपर्यंत, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत दुकानाची पायरी चढू नका. त्यानंतरही एका वेळी एकच जीव आणा.