४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर: या चुका टाळा

गावात नवा ट्रॅक्टर आला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती एचपीचा?" घोळ तिथूनच सुरू होतो. रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार, फिरतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि इंजिनाची सगळी ताकद तिथवर पोहोचत नाही. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण ३८ ते ४० एचपी मिळते. अवजार घ्यायचं ते हा आकडा बघून. शेजाऱ्याचा रोटाव्हेटर किती फुटी आहे ते बघून नव्हे.

डिझेल वाचावं म्हणून पहिल्या हंगामात मी थ्रॉटल कमी ठेवून वरच्या गिअरमध्ये रोटाव्हेटर मारला. काळा धूर, इंजिन गुरगुरतंय आणि मागे मुठीएवढी ढेकळं तशीच! पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे इंजिनाच्या ठरावीक आरपीएमलाच मिळतात. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या मीटरवर त्याची खूण असते, नसेल तर पुस्तिकेत आकडा असतोच. थ्रॉटल तिथे ठेवायचं आणि वेग कमी करायचा तो गिअर उतरवून. एवढं करूनही धूर थांबला नाही, तर आधी एअर क्लिनर उघडा. उन्हाळी मशागतीच्या फुफाट्यात तो बघता बघता चोंदतो.

दुसरी गफलत लिफ्टच्या, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेच्या, दोन लिव्हरची. पोझिशन कंट्रोल अवजार ठरवलेल्या उंचीवर धरतो, म्हणून रोटाव्हेटरला तो. ड्राफ्ट कंट्रोल ओढीचा ताण वाढला की अवजार जरा उचलतो, म्हणून तो नांगराला. काळ्या रानात मध्येच कडक पट्टा लागला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली, की बरेच जण लगेच चाकांवर वजनं चढवायला निघतात. आधी लिव्हर बघा की राव!

लिफ्टची उचल १६०० किलो असं वाचूनही हुरळू नका. हा आकडा खालच्या लिंकांच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या दांड्यांच्या, टोकाशी मोजलेला असतो. अवजाराचं वजन जितकं मागे, तितकी उचल कमी आणि पुढची चाकं हलकी.

क्लचवर पाय ठेवून चालवू नका, प्लेट जळते. आणि बांधाला वळताना रोटाव्हेटर पूर्ण वर घ्यायचा असेल तर आधी पीटीओ बंद करा. शाफ्ट तिरका होऊन खडखड वाजला, की समजा क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या सांध्यावर, ताण येतोय. रानातून डांबरी रस्त्यावर चढण्याआधी दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडा. एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो.