लांबच्या राईडसाठी सायकल कॉम्प्युटर कसा निवडायचा

सायकल कॉम्प्युटर घ्यायचा ठरलं की आपण आधी फीचर्सची यादी उघडून बसतो. ती बंद करा आणि एकच आकडा लिहा, तुमची येत्या वर्षातली सगळ्यात मोठी राईड किती तासांची असेल? किलोमीटर नाही, तास, कारण बॅटरीला किलोमीटर कळत नाहीत. बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) करणार असाल तर मुदत ठरलेलीच आहे, २०० किमीला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. सुट्टीच्या सकाळी ८० किमीला मस्त चालणारं यंत्र ४०० च्या राईडला पहाटे मान टाकतं ते यामुळेच.

आता ठरवायचं की जीपीएसवाला हवा की साधा, स्पोकवर चुंबक आणि फोर्कवर सेन्सरवाला. साध्याला कमी लेखू नका हं. बटणासारखा एक सेल टाकला की महिनोन् महिने बघायला नको, बोगद्यात नि दाट झाडीतही अंतर बरोबर मोजतो, आणि ज्या राईडला वळणांचा कागद हातात मिळतो तिथे तो अजूनही कामाचा आहे. फक्त चाकाचा घेर नीट भरा. ७००x२५ टायरचा घेर साधारण २१०५ मिमी असतो आणि ७००x३२ चा २१५५, म्हणजे टायर जाड टाकला पण आकडा जुनाच ठेवला तर खरे ६०० किमी झाले तरी स्क्रीनवर ५८६ च दिसतील, आणि कागदावरचं वळण आलं तरी स्क्रीनवर १४ किमी बाकी बघून तुम्ही डोकं खाजवत असाल. रस्ता अनोळखी असेल, रात्रीचा असेल तर मात्र जीपीएस घ्या, नकाशासकट.

जीपीएस घेणार असाल तर सगळ्यात जास्त वेळ बॅटरीवर घालवा. कंपनी २० तास लिहिते ते बहुतेक आदर्श परिस्थितीतलं असतं. नेव्हिगेशन चालू, स्क्रीनचा लाईट चालू, हार्टरेट बेल्ट जोडलेला, फोनचं ब्लूटूथ चालू, वर मल्टीबँड जीपीएस (एकाहून जास्त फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेणारा), की तो आकडा भराभर खाली येतो, थंडीत तर अजूनच. मी छापील आकड्याचा दोन तृतीयांशच धरतो. सोलरवाली मॉडेल्स येतात (गार्मिनचं एज १०४० सोलर २०२२ मध्ये आलं), पण सूर्य बॅटरीला हातभार लावतो, पूर्ण चार्ज करून देत नाही, आणि रात्री तर काहीच नाही.

म्हणून खरा प्रश्न हा की चालू राईडमध्ये चार्ज करता येतो का. दुकानात माउंटवर (हँडलबारवर यंत्र अडकवायची पट्टी) बसवूनच केबल लावून बघा, काहींचं पोर्ट अशा जागी असतं की माउंटवर असताना केबल जातच नाही. केबल लावल्यावर रेकॉर्डिंग चालू राहतं का तेही बघा. पावसात पोर्टचं रबरी झाकण उघडं ठेवून चार्ज करणं म्हणजे स्वतःहून आजार ओढवून घेणं, आयपीएक्स७ हा पाणी रोखण्याचा दर्जा म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो हे खरं असलं तरी ती चाचणी कोणी केबल लावून करत नाही. आणि एक गंमत, बऱ्याच पॉवरबँका ओढला जाणारा करंट फार कमी झाला की आपोआप बंद पडतात, तुम्हाला वाटतं चार्ज होतोय आणि होत काहीच नाही. घरी दोन तास जोडून खात्री करा.

स्क्रीन उन्हात आणि अंधारात दोन्हीकडे बघा. फोनसारखी झगमगीत स्क्रीन दुकानात छान दिसते, पण बाहेरच्या उजेडानेच उजळणारी फिकट स्क्रीन लांबच्या राईडला परवडते, बॅटरीही कमी खाते. अक्षरं मोठी हवीत. १५ तासांनंतर डोळे जे काय बघतात ते तुम्हाला आत्ता खरं वाटणार नाही. टच की बटणं? माझं मत सरळ आहे, बटणं, निदान दोन्ही तरी. थेंब पडले की टच स्क्रीन स्वतःच पानं बदलत बसते आणि जाड ग्लोव्हजमध्ये बोट लागतच नाही.

नेव्हिगेशनचं बघताना रूटची फाईल टाकून बघा. जीपीएक्स फाईल जवळजवळ सगळीकडे चालते, पण ती मोठी असली, ६०० किमीची, तर काही स्वस्त यंत्रं लोड करायलाच खूप वेळ घेतात किंवा अडकतात. रस्ता चुकल्यावर आपोआप नवा रस्ता काढणारं सेटिंग बीआरएमला मी बंदच ठेवतो. एकदा मध्यरात्री माझ्या यंत्राने गपचूप स्वतःचा जवळचा रस्ता काढला आणि मी एक कंट्रोल (वाटेतला हजेरीचा ठरलेला थांबा) चुकवून पुढे गेलो, परतून ११ किमी मागे यावं लागलं, वर स्वतःलाच शिव्या.

बाकी सेन्सर्स पटकन उरकतो. एएनटी+ (सेन्सर बिनतारी जोडायची ब्लूटूथसारखीच दुसरी पद्धत) आणि ब्लूटूथ दोन्ही असले की तुमचा जुना बेल्ट चालेल. उंची बॅरोमीटरने मोजणारा घ्या, घाटात किती चढलात ते बरंच नीट सांगतो, फक्त त्याचं बारीक छिद्र पाण्याने बुजलं तर काहीही आकडे येतात, घाबरू नका. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारा सेन्सर) नसेल तर पॉवरची ३० पानं कशाला हवीत.

घेतल्यावर डेटा फील्ड (स्क्रीनवर कुठले आकडे दिसावेत ते) लावताना ऑटोपॉजचा घोळ लक्षात घ्या. थांबलात की सरासरीही थांबते आणि छान दिसते, पण बीआरएमचं घड्याळ थांबत नाही. ३०० किमीला चालती सरासरी २२ दाखवत असेल आणि चहा, पंक्चर, कंट्रोल मिळून ४ तास गेले असतील तर खरी सरासरी १७ वर आलेली असते. म्हणून मोठ्या अक्षरात एकूण लोटलेला वेळ, अंतर, घड्याळ आणि पुढच्या कंट्रोलपर्यंतचं अंतर, बस. वेग मी दुसऱ्या पानावर टाकून दिलाय.

मग एक पूर्ण रात्रीची राईड करा, नव्या यंत्रासकट, दोरीने हँडलबारला बांधून, कारण खड्ड्यात माउंटवरून उडालेलं यंत्र मागून येणाऱ्या गाडीखाली जातं. त्या राईडला बॅटरी दर तासाला किती टक्के उतरते ते लिहून ठेवा. आणि मोठ्या राईडच्या आदल्या रात्री अपडेट आलं असं दाखवलं तर हात लावू नका, परत आल्यावर करा.