आरोग्य संशोधनात लोकसहभाग: संस्थांनो, या चुका टाळा

आरोग्याचं संशोधन कसं करायचं हे ठरवताना गावातल्या लोकांनाही सोबत घेणं म्हणजे लोकसहभाग. तो फसला की खापर गावावर फुटतं. ‘लोक येत नाहीत’, ‘त्यांना रस नाही’. सोळा वर्षं गावपातळीवर हे काम केल्यावर सांगते, लोक येतात. तयारी नसते ती संस्थेची.

पहिली चूक: प्रस्ताव मंजूर झाल्यावर लोकांना विचारणं. निधीच्या अर्जात ‘लोकसहभाग’ असा रकाना असतो म्हणून घाईघाईने गावकऱ्यांचं सल्लागार मंडळ बनतं. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘सकाळी नऊला रक्त घ्यायला याल, तेव्हा आम्ही उसाच्या फडात असतो.’ सगळे माना डोलावतात, पण प्रोटोकॉलवर, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यावर, सह्या झालेल्या असतात. बदल करायचा तर पुन्हा एथिक्स कमिटी (संशोधनात लोकांचं हित जपलं जातंय ना, हे तपासणारी समिती), पुन्हा दोन महिने. मी प्रश्न ठरायच्या आधीच दोन बैठका घेते, कोरी वही घेऊन. तरुण संशोधकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या आरोग्य संस्थेचं बघा. दवाखाना उभारण्याआधी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना तो कसा हवा ते विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, असं लोकांनी सांगितलं. म्हणून तिथला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा आहे आणि त्याला आदिवासींच्या माँ दंतेश्वरी देवीचं नाव आहे. विचारायला वेळ लागला, पण दवाखाना लोकांचा झाला.

दुसरी चूक पैशांची. हिच्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सर्वांत जास्त माणसं आपण इथेच गमावतो.

एका टीबीच्या अभ्यासात उपचार पूर्ण केलेले सहाजण आमच्या सल्लागार मंडळावर होते. त्यांत शेतमजुरी करणारी एक बाई होती. तालुक्यापर्यंत वडाप (शेअर जीप), पुढे एसटी, असा प्रवास करून ती आली. आमचं ठरलं होतं की संस्थेच्या जीपने घरोघर जायचं. ती एवढंच म्हणाली, ‘दारात गाडी लावू नका. मी दोन वर्षं शेजारणीपासून लपवलंय.’ त्या एका वाक्यावर आम्ही आराखडा बदलला. गाडी गावाबाहेर शाळेपाशी लावायची, ओळखपत्र पिशवीत ठेवायचं आणि चालत जायचं. हे कुठल्याही तज्ज्ञाने सुचवलं नव्हतं.

मग तिचं बिल अकाउंट्सला गेलं. वडापाचं तिकीट कुठे आहे? वडापवाला तिकीट देत नाही. पॅन कार्ड? नाही. मानधन द्यायचं तर शैक्षणिक पात्रता? फॉर्ममध्ये तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. पाच महिन्यांनी फक्त एसटीचे पैसे निघाले, बुडालेला रोज, म्हणजे त्या दिवसाची मजुरी, नाहीच. दुसऱ्या बैठकीला ती आली, तिसऱ्या बैठकीला नाही. घरी गेले तेव्हा चहा देता देता म्हणाली, ‘ताई, तुमच्याकडं यायला मला उसने घ्यावे लागतात.’ मला उत्तर देता आलं नाही.

आता पहिल्या बैठकीआधी मी अकाउंट्सच्या साहेबांनाच एकदा गावात घेऊन जाते. बजेटमध्ये ‘बुडालेला रोज’ अशी स्वतंत्र ओळ घालते, ॲडव्हान्स आधी उचलते आणि तिकीट नसेल तिथे सहीचं किंवा अंगठ्याचं साधं व्हाउचर चालेल, हे संचालकांकडून लेखी घेते. बैठक सुरू व्हायच्या आधी पाकीट हातात. अभ्यासात भाग घेणाऱ्याला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मग सल्ला द्यायला येणाऱ्याने पदरमोड का करायची? ‘सेवाभावाने येतात’ असं म्हणणाऱ्या साहेबांचा पगार कुठल्याच महिन्यात थांबत नाही.

तिसरी चूक: एथिक्स कमिटीतला सामान्य सदस्य कोरमपुरता ठेवणं. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे कमिटीत किमान सात जण लागतात, त्यांत एक सामान्य नागरिक हवाच. त्याला बैठकीच्या दोन दिवस आधी दीडशे पानांचा इंग्रजी प्रोटोकॉल पाठवला तर तो काय बोलणार? मी दोन पानांचा मराठी सारांश मागते आणि संमतिपत्र बैठकीत मोठ्याने वाचायला लावते. एकदा ‘यादृच्छिक पद्धतीने आपले गटवाटप होईल’ हे वाक्य वाचल्यावर आमचे निवृत्त टेलर काका म्हणाले, ‘म्हणजे चिठ्ठ्या टाकणार का?’ होय, तसंच. संमतिपत्रात तेच लिहिलं. भाषांतर एजन्सीकडून करून घेण्याचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

सरपंचांची परवानगी म्हणजे गावाची संमती नव्हे. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातेत मुलींवर एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्यासाठीच्या लशीचा) अभ्यास झाला. आंध्रात आदिवासी वसतिगृहांतल्या कितीतरी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. अभ्यास २०१० मध्ये थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. सरपंचांना जरूर भेटा, पण नंतर प्रत्येक घरी जा.

बाजाराच्या दिवशी किंवा भातलावणीत बैठक ठेवू नका. डॉक्टर खुर्चीत आणि बाया सतरंजीवर, असंही नको. सगळ्यांनी एकाच उंचीवर बसायचं.

निकाल आधी गावात सांगा, मग परिषदेत.

आणि गावाशी संपर्क ठेवणाऱ्या समन्वयकाला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवू नका. प्रकल्प संपतो, पोरगी दुसरी नोकरी धरते आणि तिच्या मोबाइलमधले गावातल्या माणसांचे नंबर तिच्याबरोबर जातात. पुढच्या प्रकल्पाची नवी मुलगी त्याच गावात जाऊन ‘आम्ही अमुक संस्थेतून आलोय’ इथपासून सुरुवात करते. एक तरी पद संस्थेच्या स्वतःच्या पैशांतून, कायम ठेवा. दोन प्रकल्पांच्या मधल्या काळातही त्या बाईने महिन्यातून एकदा गावात जावं, कुठला फॉर्म न घेता.