शब्द पाठ, पण निबंधात अडत होते: माझा अनुभव

नुसता मराठी अर्थ पाठ केला की आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या निबंधात शब्द चुकतो. ‘परिणाम’ एवढंच डोक्यात असलं की ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ची हमखास गल्लत होते, पहिलं बहुतेकदा क्रियापद, दुसरं नाम. म्हणून वही बदलली. आता शब्दाशेजारी त्याचे जोडीदार लिहायचे: ‘हॅव अ‍ॅन इफेक्ट ऑन’. तो ‘ऑन’च सुटतो. शब्द वापरून लिहायचं वाक्य मात्र ओळखीचं, जायकवाडीच्या पाण्याचं नाहीतर लातूरच्या सोयाबीनचं, तेच टिकतं. भाषातज्ज्ञ अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या, अभ्यासाच्या लेखनातल्या इंग्रजी शब्दांच्या यादीत ५७० शब्दकुटुंबं (एकाच मूळ शब्दाची रूपं), १० गटांत आहेत. पहिल्या गटातले शब्द सर्वाधिक वापरातले, तिथूनच सुरुवात. रोज ८ कुटुंबं घेतली तर सव्वादोन-अडीच महिने. उजळणी दुसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी, अर्थ झाकून, वाक्य लिहूनच.