‘.३२’ दिसलं की घेतलं? परवान्याच्या स्वस्त हत्यारात या चुका टाळा

काडतुसांच्या डबीवरचा आकडा वाचून थांबू नका, पुढची अक्षरंही वाचा. सरकारी आयुध निर्माणीच्या .३२ रिव्हॉल्व्हरला ‘एस अँड डब्ल्यू लाँग’ काडतूस लागतं, ‘अशनी’ पिस्तुलाला ‘एसीपी’, म्हणजे ७.६५ मिमी. लाँग साधारण साडेबत्तीस मिमी लांब असल्यामुळे पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये जात नाही. धोका उलट बाजूने आहे. २५ मिमीचं एसीपी रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये बसू शकतं. पण अमेरिकी मानकानुसार लाँगचा कमाल दाब १५,००० पीएसआय आणि एसीपीचा २०,५००. बसलं तरी उडवू नका. (गावठी कट्ट्यात कुठलंच काडतूस सुरक्षित नसतं, तो विषयच वेगळा.)

एसीपीच्या बुडाची कड किंचित बाहेर असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढेच राहिली पाहिजे. मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) कितीही खेचली तरी काम होत नाही. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांना मागेपुढे सरकायला जास्त जागा मिळते, म्हणून त्या वापरल्या की हा त्रास वाढतो. अडकलंच तर मॅगझिन काढा, नळीत काडतूस नाही ना ते पाहा, मग खालच्या काडतुसाचं बूड लाकडी काडीने दाबून वरचं सोडवा.

बाकी निम्म्या तक्रारी आपल्या हवेच्या. मालवण असो वा दापोली, काडतुसं चामडी पट्ट्यात ठेवून पावसाळा काढला की पितळेवर हिरवा थर चढतो. चामड्यातली आम्लं आणि दमट हवा, दोन्ही मिळून हे होतं. कोरड्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर नको. खड्डे पडलेली काडतुसं परवानाधारक विक्रेत्याकडे द्या. साठा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा.

तेल हत्यारालाही बेताचंच. काडतुसाला तर अजिबात नको, कारण कॅपमध्ये (बुडातली ठिणगी देणारी टोपी) झिरपलं की बार लागत नाही. आणि खोबरेल? ते २४ अंशांच्या खाली थिजतं. पौषातल्या पहाटे घोड्याची ताकद त्यातच जाते.

घोडा पडूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा, मग काडतूस काढा. कॅपवरची खूण खोल असेल तर बहुधा काडतूस खराब. उथळ असेल तर स्प्रिंग दमलेली किंवा आत मळ. आवाज फुस्स आला तर लगेच थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, दुसरा बार नळी फोडतो.

सिलिंडर जड फिरू लागला तर एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण शोधा, टूथब्रशने निघतात. पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे ठेवली की हे कण तिथे कमी साचतात.

निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करताना नळीला पातळ तेल लावा. परत आल्यावर ते तेल पुसून, नळीतून आरपार उजेड दिसतो ना ते पाहूनच भरा.